कासेतील पेशींचे काम आणि गोठ्यातले आपले काम : दूध कसे बनते हे समजून जनावर कसे सांभाळावे

धार काढताना बादलीत पडणारे दूध त्या पाच-सात मिनिटांत तयार झालेले नसते. सकाळची धार संपली की कासेतील पेशी लगेच संध्याकाळच्या दुधाला लागतात आणि रक्तातून कच्चा माल उचलत दिवसभर काम करत राहतात. मराठवाड्यातील बहुतेक गोठ्यांत दूध घटले की पहिला विचार पेंडीच्या पोत्याचा होतो आणि दुसरा औषधाच्या बाटलीचा. त्याआधी तीन गोष्टी तपासायला हव्यात : दूध बनवणाऱ्या पेशी कासेत किती आहेत, त्यांच्यापर्यंत रक्तातून काय आणि किती पोहोचते, आणि तयार झालेले दूध वेळेवर व पूर्ण निघते की नाही. गोठ्यातला प्रत्येक निर्णय या तीनपैकी एका गोष्टीवर परिणाम करतो, आणि कोणता निर्णय कशावर परिणाम करतो हे कळले की अनावश्यक खर्च आपोआप दिसू लागतो.

आधी कासेच्या आत काय चालते ते पाहू

कासेचा मांसल भाग द्राक्षाच्या घडासारखा असंख्य सूक्ष्म कूपिकांनी भरलेला असतो. प्रत्येक कूपिकेच्या आतून दूध तयार करणाऱ्या पेशींचा एकच थर असतो, त्याच्याभोवती आकुंचन पावणाऱ्या पेशींची जाळी असते आणि बाहेर बारीक रक्तवाहिन्या असतात. एक लिटर दूध तयार होण्यासाठी कासेतून साधारण ४०० ते ५०० लिटर रक्त वाहावे लागते, म्हणजे दिवसाला १० लिटर देणाऱ्या गाईच्या कासेतून चार-पाच हजार लिटर रक्त फिरते. जनावर निवांत बसलेले असताना हा प्रवाह वाढतो. म्हणून बसायला कोरडी, मऊ जागा देणे हा दूधवाढीचा सर्वांत स्वस्त उपाय आहे, आणि दुर्दैवाने सर्वांत दुर्लक्षितही.

दूध किती निघणार हे मुख्यतः लॅक्टोज या दुधातील साखरेवर ठरते. पेशी रक्तातील ग्लुकोज घेऊन त्याचे लॅक्टोज बनवते, ते लॅक्टोज पाणी ओढून घेते, आणि जितके पाणी ओढले जाते तितके दुधाचे आकारमान वाढते. गाईच्या दुधात लॅक्टोजचे प्रमाण साधारण ४.८ टक्क्यांच्या आसपास जवळजवळ स्थिर राहते. त्यामुळे ग्लुकोज कमी पडले की दूध पातळ होण्याऐवजी कमीच बनते. एका लिटरला सुमारे ७० ग्रॅम ग्लुकोज लागते, म्हणजे १० लिटरच्या गाईला रोज पाऊण किलोच्या जवळपास ग्लुकोज फक्त कासेसाठी हवे.

हे ग्लुकोज येते कोठून? आपल्यासारखे खाल्लेल्या पिष्टातून थेट रक्तात नाही. गाई-म्हशींच्या कोठीपोटात, म्हणजे पोटाच्या सर्वांत मोठ्या कप्प्यात, सूक्ष्मजीव चाऱ्याला आणि धान्याला आंबवतात, त्यातून प्रोपिओनिक आम्ल तयार होते आणि यकृत त्याचे ग्लुकोज बनवते. म्हणूनच व्यालेल्या गाईला गूळ भरपूर चारला म्हणजे साखर थेट दुधात उतरते, ही समजूत चुकीची आहे. गूळही कोठीपोटातच आंबतो. थोडा गूळ चवीसाठी व बाळंत जनावराच्या तरतरीसाठी दिल्यास हरकत नाही, पण एकदम जास्त दिल्यास पोटात आम्लता वाढून जनावर खाणेच सोडते.

पायरी पहिली : विण्याच्या आधीचे आणि नंतरचे तीन आठवडे

सगळ्या वेतात सर्वाधिक लक्ष द्यावे असा हा काळ आहे, कारण याच दिवसांत कास साऱ्या शरीराच्या चयापचयाचा ताबा घेते. व्याल्यावर रक्तातील इन्सुलिन कमी होते आणि स्नायू व चरबी यांचा त्याला मिळणारा प्रतिसादही मंदावतो, म्हणजे हे अवयव ग्लुकोज कमी उचलतात. कासेतील पेशींना मात्र ग्लुकोज आत घेण्यासाठी इन्सुलिनची गरज फारशी नसते, त्यामुळे उरलेली साखर त्यांच्याकडे वळते. सोबत वाढहार्मोन चरबीच्या साठ्यातून चरबी सोडवते. शरीराच्या या पद्धतशीर फेरवाटपाची मांडणी डेल बाउमन आणि ब्रूस करी या संशोधकांनी १९८० मध्ये केली आणि दुधाळ जनावरांच्या आहाराकडे पाहण्याची दृष्टी तिने बदलली.

याचा गोठ्यातला अर्थ असा की नुकत्याच व्यालेल्या जनावराचे दूध जितक्या वेगाने वाढते तितक्या वेगाने त्याची भूक वाढत नाही, आणि मधली तूट ते स्वतःच्या अंगावरून भरून काढते. थोडे वजन उतरणे स्वाभाविक आहे. पण विण्याच्या वेळी अतिलठ्ठ असलेल्या जनावराची चरबी एकदम सुटून यकृतात साचते, भूक मंदावते, श्वासाला ॲसिटोनचा गोडसर वास येतो आणि दूध झपाट्याने घसरते. म्हणून गाभणपणाच्या शेवटी जनावर मध्यम अंगाचे ठेवावे. फासळ्या डोळ्यांनी ठळक दिसू नयेत, मात्र हाताने हलके दाबल्यावर बोटाला लागाव्यात.

विण्याआधी सुमारे तीन आठवडे आंबोणाची (भरडा-पेंडीच्या खुराकाची) सुरुवात थोड्या प्रमाणात करून ते हळूहळू वाढवावे, म्हणजे कोठीपोटातील सूक्ष्मजीव नव्या खुराकाला सरावतात. व्याल्यावर एकदम भरपूर आंबोण टाकणे टाळावे.

कॅल्शियमचा हिशेब इथे वेगळा समजून घ्यावा लागतो. एक लिटर दुधात सुमारे १.२ ग्रॅम कॅल्शियम असते आणि चिकात त्याहून बरेच अधिक. मोठ्या गाईच्या रक्तद्रवात मात्र एका वेळी जेमतेम ३ ग्रॅम कॅल्शियम असते. पहिल्याच दिवशी चिकातून जाणारे कॅल्शियम रक्तातल्या साठ्याच्या कितीतरी पट असते, आणि ते हाडांतून उचलण्याचा आदेश कासेतूनही निघतो. कासेतील पेशी सेरोटोनिनच्या प्रभावाखाली पॅराथायरॉइड हार्मोनसारखेच एक प्रथिन रक्तात सोडतात आणि हाडे कॅल्शियम मोकळे करू लागतात. शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत कॅल्शियमच्या बाटल्या पाजत राहिल्यास शरीराची ही यंत्रणा सुस्त पडते आणि व्याल्यावर ऐन गरजेच्या वेळी जागी होत नाही. कॅल्शियम विण्याच्या आधी भरून ठेवू नये. त्याची गरज व्याल्यापासून असते. कान थंड पडणे, मान एका बाजूला वळवून बसणे, उठता न येणे ही दुग्धज्वराची, म्हणजे रक्तातील कॅल्शियम घसरल्याची, लक्षणे दिसताच पशुवैद्यकाला बोलवावे. शिरेतून कॅल्शियम देण्याचे काम घरी करू नये, कारण वेगाने दिल्यास हृदय बंद पडू शकते.

पायरी दुसरी : खुराक, म्हणजे पेशींचा कच्चा माल

दुधातील फॅटच्या जवळजवळ अर्ध्या मेदाम्लांची निर्मिती कासेतच होते, आणि त्यासाठी लागणारे ॲसेटिक आम्ल कोठीपोटात तंतुमय चारा आंबल्यावर मिळते. बाकीचा मेद रक्तातून, म्हणजे खुराकातून किंवा अंगावरच्या चरबीतून येतो. थोडक्यात, धान्याच्या भरड्यातून मुख्यतः दुधाचे प्रमाण वाढते आणि कडब्यातून फॅट. एक वाढवण्याच्या नादात दुसरे घालवू नये.

भरडा आणि गोळी पेंड जास्त व कोरडा चारा कमी झाला की कोठीपोटात आम्लता वाढते आणि तिथल्या काही सूक्ष्मजीवांकडून अशी मेदाम्ले तयार होतात जी कासेच्या पेशींतील मेदनिर्मितीच खुंटवतात. दूध तेवढेच राहते, कधी वाढतेही, पण संकलन केंद्रावरच्या पावतीत फॅट घसरलेली दिसते. अशा वेळी पेंड बदलत बसण्याऐवजी गोठ्यात उभे राहून जनावरांकडे पाहावे. विसावलेल्या जनावरांपैकी निम्म्याहून अधिक रवंथ करत असली पाहिजेत. शेण पाण्यासारखे पातळ, त्यात अख्खे दाणे आणि फेस दिसत असेल, तर कडबा वाढवायची वेळ झाली आहे. कडब्याची कुट्टी साधारण दोन-तीन सेंटिमीटर लांबीची ठेवावी. अगदी भुगा केला तर रवंथ कमी होते, लाळ कमी सुटते आणि आम्लता वाढते. जास्त आंबोण देण्याला पर्याय नसेल तर ते दिवसातून तीन-चार वेळा विभागून द्यावे आणि खाण्याचा सोडा रोज ३० ते ५० ग्रॅम मिसळावा.

आपल्याकडचा चारा पाहिला तर रब्बी ज्वारीचा कडबा हा मोठा आधार आहे, मात्र त्यात प्रथिने कमी आहेत. सोयाबीनचे भुसकट आणि तुरीचे भुसकट पोट भरायला उपयोगी पडते, पण त्यावर एकट्यावर दूध निघत नाही. धाराशिव, बीड, लातूर, जालन्याच्या ऊसपट्ट्यात गळीत हंगामात महिनोनमहिने वाढ्यांवर (उसाच्या हिरव्या शेंड्यांवर) जनावरे काढली जातात. वाढ्यांमध्ये ऑक्झलेट असते आणि ते कॅल्शियमला बांधून ठेवते, म्हणून वाढे चालू असताना खनिज मिश्रण कधीही बंद करू नये आणि सोबत थोडा तरी कडबा व द्विदल हिरवा चारा द्यावा. कडबा किंवा गव्हाचे काड युरिया प्रक्रियेने सुधारता येते. १०० किलो कोरड्या चाऱ्यावर ४ किलो युरिया ५० ते ६० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडावा, दाबून हवाबंद झाकावा आणि २१ दिवसांनी उघडून वास उडाल्यावर थोड्या प्रमाणापासून सुरुवात करावी. सहा महिन्यांच्या आतील वासरांना हा चारा देऊ नये आणि युरियाचे पाणी जनावराच्या तोंडी लागू देऊ नये, ते विषारी असते.

प्रथिनांच्या बाबतीत पेशी अमिनो आम्ले घेऊन केसीन हे दुधातील मुख्य प्रथिन तयार करते, आणि ही अमिनो आम्ले मोठ्या प्रमाणात कोठीपोटातील सूक्ष्मजीवांच्याच शरीरांतून येतात. हे सूक्ष्मजीव वाढायला प्रथिनासोबत ऊर्जाही लागते. नुसती सरकी पेंड वाढवून भरडा नसेल तर बरेचसे नत्र लघवीवाटे वाया जाते. एक किलो मक्याचा किंवा ज्वारीचा भरडा आणि सोबत पेंड, असे मिश्रण एकट्या पेंडीपेक्षा अधिक काम करते.

प्रमाणाचा ढोबळ नियम असा : अंगाच्या पोषणासाठी दीड ते दोन किलो आंबोण, त्यावर गाईला दर अडीच लिटर दुधामागे एक किलो आणि म्हशीला दर दोन लिटरमागे एक किलो. उत्तम हिरवा चारा किंवा मूरघास (हवाबंद साठवून आंबवलेला हिरवा चारा) भरपूर असेल तर यात कपात करता येते. गाईचे दूध सुमारे ८७ टक्के पाणीच असते, म्हणून अंगाच्या गरजेशिवाय दर लिटर दुधामागे तीन ते चार लिटर पाणी वेगळे लागते. दावणीला बांधलेल्या जनावराला दिवसातून दोनदाच पाणी दाखवणाऱ्या गोठ्यात खुराकावर केलेला बराचसा खर्च वाया जातो.

इथे एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. देवणी किंवा लाल कंधारी गाईच्या, अथवा मराठवाडी म्हशीच्या कासेत पेशी किती असतील याची एक मर्यादा वंशाने ठरलेली असते. त्या मर्यादेपलीकडे ओतलेला खुराक अंगावर चढतो, दुधात उतरत नाही. या जनावरांची तुलना होल्स्टिन या विदेशी जातीच्या संकरित गाईंशी करून त्यांना कमी लेखणे अन्यायाचे आहे. उन्हाळा, कमी चारा आणि लांबची चाल सोसून ती वेत पूर्ण करतात. त्यांचा खुराक त्यांच्या दुधाच्या प्रमाणातच असावा.

पायरी तिसरी : धार

कूपिकांत दूध भरत गेले की पेशींवर दाब वाढतो, दुधातच असलेले सेरोटोनिनसारखे घटक पेशींना थांबण्याचा इशारा देतात आणि दूध बनण्याचा वेग मंदावतो. म्हणून कासेत राहिलेले दूध उद्या मिळत नाही, उलट उद्याचे दूध कमी करते. दोन धारांमधील अंतर शक्यतो १२-१२ तासांचे ठेवावे. संकलनाच्या वेळेमुळे १४ व १० तास झाले तरी चालते, पण रोज वेळ बदलणे टाळावे. जास्त दूध देणाऱ्या गाईला व्याल्यावर पहिले तीन आठवडे तिसरी धार दिली, तर पुढे दोन धारांवर आल्यानंतरही वाढलेले दूध बऱ्याच अंशी टिकते. दिवसाला चार-पाच लिटर देणाऱ्या जनावराला हा खटाटोप करण्याची गरज नाही.

पान्हा सोडणे हे वेगळे काम आहे. सडाला स्पर्श, वासराचा वास, बादलीचा ओळखीचा आवाज यांमुळे मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटते, रक्तातून कासेत पोहोचते आणि कूपिकांभोवतीची जाळी आकसून दूध खाली येते. गाईच्या कासेत दोन धारांच्या मधे साधारण पाचवा हिस्सा दूध खालच्या पोकळीत आधीच उतरलेले असते. म्हशीत ते फक्त पाच टक्क्यांच्या आसपास असते. म्हणजे म्हशीने पान्हा सोडला नाही तर जवळजवळ काहीच हाती येत नाही, आणि म्हशीला पान्हा सोडायला वेळही अधिक लागतो.

कास कोमट पाण्याने धुवावी, कोरड्या स्वच्छ फडक्याने पुसावी आणि सडांकडे पाहत मिनिट-दोन मिनिटे थांबावे. सुरुवातीला सड मऊ, सुरकुतलेले असतात. पान्हा उतरू लागला की ते मुळापासून भरत येतात, त्वचा ताणून चकचकीत होते, सड खाली व किंचित बाहेर रोखले जातात आणि हाताला टणक लागतात. तिथून धार सुरू करावी आणि न थांबता पाच ते सात मिनिटांत संपवावी, कारण रक्तातील ऑक्सिटोसिन काही मिनिटांतच ओसरते. धार मुठीने काढावी. अंगठा दुमडून सड चेपण्याच्या सवयीने सडाच्या आतील नाजूक अस्तराला इजा होते. शेवटचे दूध सोडू नये, फॅट सर्वांत अधिक त्यातच असते. ओरडणे, मारणे, कुत्रे, अनोळखी माणूस यांमुळे ॲड्रिनॅलिन सुटते आणि उतरलेला पान्हाही चढतो.

रेडकू मेलेल्या म्हशीला रोज ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन देऊन पान्हा सोडवण्याचा प्रकार सर्रास चालतो. दूध वाढवण्यासाठी जनावराच्या आरोग्याला अपायकारक इंजेक्शन देणे हा पशू क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० च्या कलम १२ खाली गुन्हा आहे. रोजच्या इंजेक्शनाची सवय लागलेली म्हैस त्याविना पान्हाच सोडत नाही. त्याऐवजी तोच माणूस, तीच वेळ, तीच जागा, समोर थोडे आंबोण आणि कास चोळायला दोन-चार मिनिटे, असे आठ-पंधरा दिवस धीराने करावे. बहुतेक म्हशी सरावतात.

पायरी चौथी : पेशी वाचवणे

कासदाहात जंतू आणि सूज यांमुळे पेशी मरतात आणि पेशींमधील घट्ट सांधे सुटतात. लॅक्टोज रक्तात झिरपते, रक्तातील मीठ दुधात येते, दूध खारट लागते आणि दूध कमी होते. कास दगडासारखी होण्याची वाट पाहू नये. रोज पहिल्या दोन-तीन धारा काळ्या कापडावर घ्याव्यात, गाठी किंवा पाण्यासारखे दूध लगेच दिसते. धार संपल्यावर सडाचे तोंड सुमारे अर्धा तास उघडे असते, म्हणून सड जंतुनाशक द्रावणात बुडवावेत आणि लगेच गव्हाणीत चारा टाकावा, म्हणजे जनावर तेवढा वेळ उभे राहील. बाधित सडाची धार शेवटी आणि वेगळ्या भांड्यात काढावी. प्रतिजैविक पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच द्यावे आणि त्यांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत ते दूध संकलनाला घालू नये.

पायरी पाचवी : उन्हाळा

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४० अंशांच्या वर जातो तेव्हा जनावर कमी खाते, म्हणून दूध कमी होते, असे सोपे उत्तर दिले जाते. गाईंवरील अभ्यासांत असे दिसले आहे की कमी खाण्यामुळे होणारी घट एकूण घटीच्या साधारण निम्मीच असते. उष्णतेच्या ताणात इन्सुलिन वाढते, स्नायू आणि इतर अवयव ग्लुकोज स्वतःकडे ओढतात आणि कासेला जाणारा वाटा कमी होतो. म्हणून उन्हाळ्यात नुसते आंबोण वाढवून भागत नाही, जनावराचे अंग थंड ठेवावेच लागते. छतावर पाचट किंवा कडब्याचे आच्छादन टाकावे, दुपारी अंगावर पाणी मारून हवा खेळती ठेवावी, खाणे पहाटे आणि सूर्यास्तानंतर द्यावे, आणि पाणी सावलीत ठेवावे. म्हशीच्या काळ्या कातडीत घामाच्या ग्रंथी कमी असल्याने तिला डुंबायला किंवा दिवसातून दोन-तीन वेळा पाणी मारायला हवेच. पाण्याची टंचाई असेल तर ओले गोणपाट पाठीवर टाकावे व वारा लागेल अशा जागी बांधावे.

पायरी सहावी : आटवणे, म्हणजे पुढच्या वेताची पेरणी

उच्चांक गाठल्यानंतर कासेतील पेशी हळूहळू मरत जातात आणि दूध उतरते. नव्या पेशींची भरती भाकडकाळात होते. त्यासाठी ६० दिवस हवेत, ४५ च्या खाली जाऊ नये. विण्याच्या आठ दिवस आधीपर्यंत दूध काढणाऱ्याला तेवढे लिटर हाती लागतात, पण पुढच्या संपूर्ण वेतात तो त्याच्या कितीतरी पट गमावतो. आटवताना आंबोण बंद करून कोरड्या चाऱ्यावर आणावे, कास पूर्ण रिकामी करून धार थांबवावी आणि कासदाहाचा इतिहास असलेल्या जनावराच्या सडांत सोडायच्या औषधाविषयी पशुवैद्यकाला विचारावे.

म्हशी बहुधा पावसाळ्याच्या उत्तरार्धात आणि हिवाळ्याच्या सुरुवातीला वितात. म्हणजे त्यांपैकी लवकर विणाऱ्या म्हशींचा भाकडकाळ उन्हाळ्याला लागून येतो, आणि भाकड जनावराला घरात कोणी सावलीचा मान देत नाही. भाकडकाळात उष्णतेचा ताण बसलेल्या गाईंत कासेच्या पेशींची वाढ खुंटते आणि पुढील वेतात दूध कमी मिळते, हे अभ्यासांत दिसून आले आहे. दुभत्या जनावराइतकीच सावली आणि पाणी भाकड जनावरालाही द्यावे.

पेशींच्या संख्येचा पाया तर त्याहूनही आधी घातला जातो. कालवड किंवा वगार साधारण तीन महिन्यांची झाली की माजावर येईपर्यंत तिची कास अंगापेक्षा जास्त वेगाने वाढते. या काळात उपासमार झाली तर वाढ लांबते, आणि आंबोण अति झाले तर कासेत दूधपेशींच्या जागी चरबी भरते. चांगला चारा, थोडे आंबोण आणि रोज मोकळे फिरणे एवढे पुरे.

हे सारे जमण्यासाठी रेतनाची तारीख लिहून ठेवणे भाग आहे. गाईचा गाभणकाळ सुमारे २८० दिवसांचा आणि म्हशीचा सुमारे ३१० दिवसांचा असतो, म्हणून गाभण असल्याची खात्री झालेली गाय रेतनापासून २२० दिवसांनी आणि म्हैस २५० दिवसांनी आटवावी. गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहिलेली तारीख पहिल्या पावसात पुसते. ती वहीत लिहावी, आणि आटवण्याचा दिवसही त्याच ओळीत आधीच मांडून ठेवावा.